ओपलची झोळी

मी झोळी बोलतेय. भिक्षा मागायची नव्हे आणि बाळ निजवायचीही नव्हे. जाड कॅनव्हासची, दोन्ही बाजूंना दांडे आणि मध्ये पोहायच्या परांसाठी दोन भोकं. डॉल्फिन उचलायला टेक्सासमधल्या एका तंबू शिवणाऱ्या बाईनं मला शिवलं.

प्राणिसंग्रहालयात आल्यावर अकरा वर्षं मी कपाटात पडून होते. मग डॉल्फिनच्या जुन्या तळ्याला तडे गेले, नूतनीकरण निघालं आणि सगळ्यांना माझी आठवण झाली. माणसांचं हे असंच. गरज पडली की धूळ झटकतात.

दीक्षा मूळची नागपूरची, इथं डॉल्फिन सांभाळते. काम होईतो दुसरीकडे हलवायला प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांना ओपल या डॉल्फिनला जाळं टाकून धरायचं होतं. ओपल त्रेचाळीस वर्षांची, घाबरून जीव सोडेल म्हणून दीक्षा झोळीसाठी हट्टाला पेटली. सहा आठवडे रोज सकाळी ती मला पाण्यात धरून उभी राही. "ये गं बाई, ये." ओपल अर्धी आत येई, मागे सरके. एका सकाळी ती आपणहून आत शिरली आणि पर अंगाशी धरून गप्प पडली. क्रेननं आम्हाला उचललं आणि मागच्या तात्पुरत्या हौदात अलगद उतरवलं.

सप्टेंबरात नव्या तळ्यात परतायचं होतं. ओपल शिकलेलं विसरू नये म्हणून दीक्षानं सराव चालूच ठेवला. तिथंच आम्ही चुकलो. झोळी आली म्हणजे घरी जायचं, असं ओपलनं मनाशी धरलं. मी दिसले की ती झेपावत यायची, आत पडून राहायची आणि मासळीला तोंडही लावायची नाही. तिचं वजन उतरू लागलं.

परवा नव्या तळ्याचं काम बघणारा इंजिनिअर देवांग हौदाशी आला.

"सॉरी यार दीक्षा, पंप डिले झालेत. आता शिफ्टिंग स्प्रिंगमध्येच, हिवाळा संपल्यावर."

"स्प्रिंग? अरे, ती खात नाहीये! तिला मी काय एक्सप्लेन करू?"

देवांगनं हेल्मेट काढलं आणि वाकून पाण्यातल्या ओपलकडे पाहिलं.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी सराव बंद करायला सांगितला. दीक्षानं मला धुतलं आणि ओपलला दिसणार नाही अशी दाराआड टांगलं. माझ्या ओल्या कापडात तोंड खुपसून ती रडली. मीही थकलेय, एका बाजूची शिवण उसवलीय. तरी एक फेरी अजून निभावेन.

आज सकाळी दाराच्या फटीतून पाहिलं. ओपल रोजच्या जागी आली. मी तिथं नव्हते. तरी तिनं पर अंगाशी घेतले आणि कुणीतरी उचलेल म्हणून तशीच पडून राहिली. दीक्षा हातात मासा धरून कंबरभर पाण्यात उभी होती. किती वेळ गेला, कुणास ठाऊक.

पलीकडे नव्या तळ्यावर यंत्रं घरघरताहेत. बाबांनो, लवकर हात चालवा. आम्ही शिकवलं ते सगळं तिनं केलंय. आता तुमचं तेवढं तुम्ही करा.