मामाचे तळवे

श्रावण जवळ आला की पेणच्या कारखान्यातला उजेड ओल्या शाडूसारखा राखाडी, मऊ होई, आणि त्या उजेडात माझ्या मामाचे पिवळसर, जाड तळवे गणपतीच्या गालावरून फिरत. कोरडं पान फरशीवरून सरकावं तसा त्यांचा आवाज. इतक्या खरखरीत हाताखालून इतका नितळ गाल कसा उमटतो, हे मला कधी उमगलं नाही. डोळ्यांची आखणी करताना तो श्वास रोखून धरी. लोकरीसारखे दाट कुरळे केस तेवढे पंख्याच्या वाऱ्याने हलत.

सगळा कारखाना त्या तळव्यांना मातीची कमाई म्हणायचा. शेवटच्या वर्षी मूर्तीचा पाट उचलताना त्याला धाप लागे, तीही मातीच्या खाती गेली. एका आषाढात, पन्नाशी गाठण्याआधीच, आखणी करता करता त्याचं हृदय थांबलं.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. कातडीच्या पेशींना एकमेकींशी टाचून ठेवणारी प्रथिनं, हा आमचा विषय. त्यातल्या एकाच्या घडणीत आईबापांकडून आलेला कणभर फरक असला, तर जिथे घर्षण होतं तिथली त्वचा जाड होत जाते, केस लोकरीसारखे होऊ शकतात. तेच टाके हृदयातही असतात, आणि तिथे ते प्रत्येक ठोक्याला ताणले जातात; कच्चे असले तर उसवतात. हे वाचताना मला मामाचे केस आठवले, आणि लगेच त्याच्या मुलीचे, वैशालीताईचे, तळवे.

ताई रोह्याजवळ वरसे गावात राहते. तिच्यासमोर बोलायला मला दोन कप चहा लागले.

"नाय गो, हे बाबांच्या मातीचं हाय," ती तळवे पुढे करून म्हणाली. "कारागिराची पोर मी."

"ताई, तू माती कधी मळलीस? शिंका येतात म्हणून बाहेर बसायचीस."

"चहा कोण नेत होतं मग? तू?" ती हसली. मी हृदयाचं सांगितलं, तेव्हा तिने हात ओढणीत घेतले. मग ती हळूच म्हणाली, "हे पन मातीचं नाय, तर बाबांचं माझ्याकडे काय राहिलं?"

मी जनुकांच्या तपासणीसाठी रक्त देशील का, असं विचारलं. तिने हात पुढे केला.

अहवालात तो फरक सापडला. तपासणीत हृदयाचे ठोके मधूनच चुकत असल्याचं दिसलं. आता तिच्या छातीत कातडीखाली, ठोके बिघडले तर सावरणारं एक छोटं यंत्र आहे, आणि ती कुरकुर करत का होईना, गोळ्या घेते.

मामाचं रक्त कधी कुणी तपासलं नाही. ताईच्या अहवालातूनच आम्ही त्याच्या त्या आषाढाकडे मागे वळून पाहतो. गेलेलं माणूस कधी कधी असं उशिरा कळतं. आणि त्याच्या हातून निसटलेला वेळ, त्याच्या नकळत, मागे राहिलेल्या कुणाच्या तरी आयुष्यात संथपणे वाहू लागतो.