चढावरची डबल

स्टेशन ते हर्सूल या बसलाइनचा इतिहास लिहून द्या, असं डेपोतली मंडळी मागं लागली आहेत. स्मरणिका काढताहेत म्हणे. तारखा हव्या असतील तर कागद चाळा. मी कंडक्टर होतो, मला फक्त थांबे आठवतात, आणि त्यातला एक तर आठवूच नये असं वाटतं.

निजामाच्या वेळी या लाइनवर विलायती आल्बियन बनावटीची लाल गाडी होती. पोलीस ॲक्शन झाली, पाटीवरची उर्दू गेली, मराठी आली. पुढं मुंबई राज्य आलं, मग महाराष्ट्र. बदलली नाही ती छताखालची दोरी आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरची पितळी घंटी. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. ही डबल ऐकली की ड्रायव्हर मागं वळून बघत नसे. कंडक्टरवर तेवढा भरवसा टाकल्याशिवाय गाडी चालतच नाही.

माझी बदली या लाइनवर सत्तावन्न साली झाली. ड्रायव्हर कमरोद्दीन, निजामाच्या वेळचे, पोटातलं पाणी न हलवता गाडी नेणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी दिल्ली दरवाजा ओलांडल्यावर, जुन्या नाक्याच्या चढावर गाडी उभी केली. तिथं ना पाटी, ना माणूस. मी विचारलं, "उस्ताद, इथं कोण हाय?"

"माझा भाऊ. चांदपाशा. चढू दे त्याला, मग डबल दे."

मला हसू येणार होतं, तेवढ्यात मागची पायरी दबली. स्प्रिंगा कुरकुरल्या. दाराशी कुणीच नव्हतं. मी घाबरून दोनदा दोरी ओढली, तशी पायरी पुन्हा वर आली. चढणारा चढलाच नव्हता, खाली राहिला होता.

त्या दिवशी हर्सूलला चहा पिताना कमरोद्दीन बोलले. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात, पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत, हीच गाडी, हाच चढ. कंडक्टर चांदपाशा. एका म्हातारीला उतरवायचं होतं. चढावर गाडी थांबली की कंडक्टरनं उतरून मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावायचा, दारातून दोरी ओढायची आणि गाडी हलली की ठोकळा उचलून चढायचं, अशी तेव्हाची रीत होती. चांदपाशा ठोकळा लावायला वाकला. मागून धूळ उठली, ओरडा आला. कुणाचा जमाव होता ते आजवर कळलं नाही. आणि डबल वाजली.

"मी निघालो," ते म्हणाले. "हर्सूलला पाहतो तर भाई नाय. ना जिता सापडला, ना मेलेला. बद्री, ती घंटी कोनी दिली, येवढंच मला कळू दे. मग मी मरायला मोकळा."

मी चहाचे पैसे द्यायला उठलो. ती घंटी मीच दिली होती.

तेव्हा मी सतरा वर्षांचा, त्याच गाडीतला एक उतारू होतो. शेवटच्या बाकावर बसलो होतो. धूळ बघितली आणि जिवाच्या भीतीनं दोनदा दोरी ओढली. चांदपाशा खाली आहे हे मला दिसत होतं. दिसत होतं, हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

चार वर्षं मी त्या माणसाच्या गाडीवर काढली. त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली, ईदला त्यांच्या घरी शिरखुर्मा खाल्ला. रोज ठरवायचो, आज सांगायचं. रोज चढावर पायरी दबायची आणि मी घाईनं डबल द्यायचो. भित्रा तो भित्राच.

एकसष्टच्या मार्चात कमरोद्दीन निवृत्त व्हायचे होते. दुसऱ्या दिवसापासून लाइनही नव्या सरळ रस्त्यानं जाणार होती, चढ कायमचा सुटणार होता. आता नाही तर कधीच नाही. मी मनाशी पक्कं केलं, हर्सूलला पोचलो की पाय धरायचे.

त्यांच्या शेवटच्या दिवशीची दुपारची खेप होती. दिल्ली दरवाज्याला शेवटचा उतारू उतरला, गाडी रिकामी झाली. चढावर उस्तादांनी गाडी थांबवली. हँडब्रेक सकाळपासून ढिला होता, म्हणून मी ठोकळा घेऊन उतरलो आणि चाकामागं वाकलो. ऊन मी म्हणत होतं, तरी मानेवर गार वारा आला. माझ्या शेजारची पायरी दबली. या वेळी ती पुन्हा वर आली नाही.

आणि गाडीत घंटी वाजली. दोनदा. स्वच्छ.

"उस्ताद! थांबा!" मी ओरडलो. पण डबल झाल्यावर कमरोद्दीन मागं बघणार नव्हते. गाडी धुरळा उडवत निघून गेली. मी ठोकळा उचलायला खाली पाहिलं, तर रस्त्यावर ठोकळा नव्हता.

भर उन्हात मी हर्सूलपर्यंत धावत, चालत गेलो. मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. गाडी थांब्यावर उभी होती. कमरोद्दीन मागच्या पायरीवर बसले होते, डोळे वाहत होते आणि ते हसत होते. मांडीवर तो ठोकळा होता.

"भाई आला होता, बद्री! त्याचा हात मी वळखतो. आता उमगलं मला. त्या दिशी बी त्यानंच घंटी दिली व्हती. मला वाचवायला, खाली राहून."

मी तोंड उघडलं. पाय धरायला वाकलोही. पण तेरा वर्षांनी त्या चेहऱ्यावर जे उतरलं होतं ते हिसकावून घ्यायचं धाडस मला झालं नाही. न सांगण्याला मी दया म्हणत होतो. खरं तर मला सुटका मिळाली होती.

त्यांनी ठोकळ्यावरची माती पुसली आणि माझ्याकडं पाहिलं. हळूहळू त्यांचं हसू थांबलं.

"पन बद्री," ते म्हणाले, "तुला का रे खाली सोडलं त्यानं?"

"मला काय ठाव, उस्ताद," मी म्हणालो.