दोन वाट्या प्लास्टर

मावशीचं पुस्तक दीड वाजता छपाईला जाणार होतं, आणि अकराच्या सुमारास त्यातल्या कारागिराची मुलगी दारात उभी राहिली. ऐंशीच्या पुढची, हातात काठी.

"माझ्या बापाला खुनी ठरवलंय म्हणे तुम्ही."

पुस्तक सत्तर वर्षांपूर्वीच्या महाप्रदर्शनावर होतं. चार महिन्यांत उभे राहिलेले पांढरेशुभ्र महाल, सगळे प्लास्टरचे. उद्घाटनाच्या सकाळी एका पुतळ्यामागे तरुण नकाशेकाराचं प्रेत सापडलं. पुतळ्याच्या पाठीवर आदल्या संध्याकाळी थापलेल्या प्लास्टरमध्ये त्याच्या कोटाची बटणं उमटली होती. कारागीर सहा वाजता काम संपवून गेला. आठ वाजता मुकादमाला आत शिरताना पहारेकऱ्यानं पाहिलं. पण प्लास्टर अर्ध्या तासात घट्ट होतं. म्हणजे बटणं उमटली तेव्हा तिथे कारागीरच असणार. कोर्टानं हे मानलं आणि मावशीनंही. कारागीर तुरुंगातच वारला.

"काकू, कागदपत्रं तसंच सांगतात," मावशी म्हणाली.

"कागदपत्रं त्याच्या पंगतीला बसली नव्हती. आम्ही बसायचो, नाक दाबून. सरसाचा तो वास! आई म्हणायची, आधी आंघोळ, मग नवरा."

मी मुद्रितं खाली ठेवली. "सरस सुताराकडे असतो ना, आजी? प्लास्टरमध्ये कशाला?"

"सरसानं ते सावकाश घट्ट होतं, हाताला वेळ मिळतो. नाहीतर फूल कोरेपर्यंत दगड होतो त्याचा."

"मग कोर्टात का नाही बोलले?"

"सरस घालायला बंदी होती. काम रेंगाळतं म्हणे. सगळेच चोरून घालायचे. एकानं तोंड उघडलं असतं तर सगळ्यांना घरी बसवलं असतं. आपण काही केलं नाही, सुटूच, असं वाटलं त्याला."

मावशीनं घड्याळाकडे पाहिलं. "तू सुरू करू नकोस आता."

मी कोपऱ्यावरच्या सुताराकडून सरस आणि शेजारच्या दुकानातून प्लास्टर आणलं. अकरा पंचवीसला ओट्यावर दोन वाट्या कालवल्या. एकीत नुसतं पाणी. दुसरीत आजी सांगतील तेवढा सरस विरघळवून. सहा ते आठ म्हणजे दोन तास. एक पंचवीसपर्यंत थांबायचं होतं.

बाराला पहिली वाटी घट्ट झाली. नख उमटेना. दुसरीला हात लावायचा मोह मी आवरला. एक वाजता छापखान्याचा फोन आला. "पाठवते, पाठवते," मावशी म्हणाली आणि ओट्यापाशी येऊन उभी राहिली. तीन वर्षांची मेहनत खुनावरच्या त्या शेवटच्या प्रकरणात होती. आजी काठीवर हनुवटी टेकून वाटीकडे पाहत होत्या.

एक पंचवीसला मी कोटाचं बटण दुसऱ्या वाटीत दाबलं आणि उचललं. चारही भोकं स्वच्छ उमटली होती.

"म्हणजे त्यानं नाही केलं," आजी म्हणाल्या.

हो म्हणणं किती सोपं होतं. "एवढंच कळतं, आजी, की तो गेल्यावरही ठसा उमटू शकतो. त्या दिवशी त्यानं सरस घातला होता की नाही, हे वाटी सांगत नाही."

त्यांनी काठीवरची हनुवटी उचलली. "मास्तरीणच आहेस," म्हणाल्या. त्यात कौतुक नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. मावशीनं तो उचलला.

"शेवटचं प्रकरण काढा. नाही, दुरुस्ती नाही. काढाच. खुनी कोण ते मला माहीत नाही." पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. "मग छापू नका," मावशी म्हणाली, फोन ठेवला आणि आजींसाठी खुर्ची ओढली. "बसा. तो सरस कुठून आणायचे, तिथून सांगा."