कल्याणहून येणारी वायर

शर्यतीला आठ दिवस राहिले होते आणि धडकी रंजितापेक्षा मलाच भरली होती. रंजिता माझी भाची, वय वीस. माझं टोकावड्याला सायकल दुरुस्तीचं दुकान. २००६च्या हिवाळ्यात मुंबईच्या एका क्लबाने आमच्या डोंगरात सायकलची शर्यत ठेवली, सरावाला गेअरची सायकल दिली, आणि आमची पोर नाव देऊन मोकळी झाली. शिकवणार कोण? मी. एका पायाने लंगडा, वीस वर्षांत उतारावर सायकल न घातलेला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

शर्यतीची वाट शेवटी ऐनाच्या उतरणीवरून जायची. सगळी दगडगोट्यांची, आणि तळाशी ऐनाच्या झाडाजवळ एकदम डावं वळण. वळलं नाही तर पुढे ओहळ, दोन पुरुष खोल. तरुणपणी तिथेच मी पुढचा ब्रेक करकचून दाबला होता. सायकल थांबली, मी थांबलो नाही. पाय तेव्हाचा.

पुढचा ब्रेक माणसाला उलटा पाडतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शाळेच्या पोरांच्या सायकलींचे पुढचे ब्रेक मी स्वतः काढून टाकतो. मग भाचीच्या सायकलीचा कसा ठेवीन? मी त्याची वायर काढली, गुंडाळून शर्टाच्या खिशात घातली आणि तिला सांगितलं, "तुटली गो. कल्याणहून येल."

"कदी?"

"येल ना. तवर मागच्यानं भागव."

चार दिवस तिने भागवलं. ती उतरणीवर सुटली की मी वरच्या कातळावर डोळे मिटून बसायचो आणि खालून "मामाऽ" अशी हाक आली की उघडायचो. घरी माझी बहीण सकुबाई, रंजिताची आई, रोज विचारायची, "पोर धड येल ना रे?" मी म्हणायचो, "मी हाय ना."

पाचव्या दिवशी सकाळी तिने सलग तिसऱ्यांदा उतरण घेतली. मागचा ब्रेक किंचाळत होता, रोजच्यासारखाच. अर्ध्यात तो आवाज तुटला. दगड मात्र वाजत राहिले, भरभर, आणखी भरभर. मग तेही थांबले.

हाक आली नाही.

"रंजेऽ!" मी ओरडलो. मी उतरायला लागलो, बसत, घसरत. खिशातली वायर पावलोपावली छातीला टोचत होती. सकुबाईला काय सांगू? मी हाय ना, हेच?

ती ऐनाच्या बुंध्याशी बसली होती. जिवंत. सायकल ओहळाच्या काठावर आडवी. मागच्या ब्रेकची वायर तुटली होती, खरोखरची. सगळा भार त्या एकाच वायरीवर. मग बिनब्रेकच्या सायकलीवर आमची पोरं करतात तेच रंजिताने केलं होतं, चप्पल मागच्या टायरवर दाबून धरली होती. पण या टायरला बोटाएवढे दाते. त्यांनी चप्पल फाडून टाच सोलली होती.

टाचेला टॉवेल बांधायला मी वाकलो आणि खिशातली वायर तिच्या मांडीवर पडली.

तिने ती उलटसुलट करून पाहिली. कुठेच तुटलेली नव्हती.

"ही कल्याणहून आली का, मामा?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मला भ्याव वाटलं गो. तू माझ्यासारखी पडशील म्हून."

"मंग तसं सांगायचं होतं. हलका कसा दाबायचा ते शिकवायचं." तिने वायर माझ्या हातात ठेवली. "लाव आता. आनि तू उतरून दाखव. तुलाच भरवसा नाय तर मी कशी उतरू?"

मी पुढची वायर बसवली. सायकल अर्ध्या चढावर ढकलत नेली. पाचावर धारण बसली होती. खाली ती, तिच्यामागे ओहळ, आणि सायकलीला एकटा पुढचा ब्रेक. मी सुटलो. पहिल्याच धोंड्यावर हात आवळायला निघाले.

"दोन बोटांनी, मामा! हलका!"

दोन बोटांनी दाबला. सोडला. पुन्हा दाबला. मागचं चाक उचलल्यासारखं वाटलं, घशातून आवाजही निघाला, पण डोळे मी मिटले नाहीत. ऐनाजवळ सायकल थांबली. मी सायकलवरच होतो.

"मागच्याची वायर कदी येल?" रंजिताने विचारलं.

"आजच. मीच जातो कल्याणला."