मंजुळाबाईंचं नाव घातलेला डबा

टण्ण!

माझं झाकण पिंकीच्या हातून निसटलं, फरशीवर आपटलं आणि गोल गोल फिरत बसलं. घरात त्या वेळी सगळे गप्प होते. जेवायला पाहुणे बसले होते. पिंकीच्या आईला, निशिगंधाला, त्यांनी एक साधा प्रश्न विचारला होता आणि तिला उत्तर सुचत नव्हतं. त्या शांततेत माझं झाकण एवढ्या मोठ्यानं वाजलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. पोटात रंगीत खडू, एका बाजूला पोचा आणि दुसऱ्या बाजूला पिवळ्या बदकाचं स्टिकर. त्या बदकाखाली काय दडलंय ते मला ठाऊक होतं आणि निशिगंधाला ठाऊक होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. ही लाज आमच्या दोघांत कशी आली, ते सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला आठवतं ते चाकणच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान. निघोज्याच्या मंजुळाबाई तिथे एक फुटका तांब्याचा हंडा मोडीत घालायला आल्या होत्या. बदल्यात त्यांनी मला घेतलं. दुकानदार म्हणाला, "नाव घालायचं का, काकू?"

"घाल की. नाव नसलं तर डबा माघारी कसा यायचा?"

कुर्र कुर्र करत मशीनची सुई माझ्या अंगावरून फिरली. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण मंजुळाबाईंनी त्या टिंबाटिंबांच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. त्यांना वाचता येत नव्हतं. आपलं नाव त्या अंगठ्यानंच ओळखायच्या.

मंजुळाबाईंचं घर शेतकऱ्याचं. पुढे आजूबाजूला कंपन्या आल्या, बरीचशी जमीन गेली, आणि उरलेल्या जागेत त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. कोण लातूरकडचा, कोण चिपळूणचा, कोण पार बिहारचा. सगळे शिफ्टवाले. कुणी आजारी पडलं, कुणाकडे पाहुणा आला, कुणाची बायको माहेरी गेली, की मी निघालोच. कधी पिठलं, कधी थालीपीठं, कधी नुसती गरम खिचडी. आणि मी रिकामा कधीच परत आलो नाही. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये, ही आपल्याकडची रीत. चिपळूणवाली वहिनी माझ्यात आमसुलं घालून द्यायची. लातूरवाले धपाटे द्यायचे. बिहारच्या त्या पोरानं, घरात दुसरं काही नव्हतं म्हणून, मूठभर साखर घालून दिली होती. मंजुळाबाईंनी ती साखर कपाळाला लावली आणि मग चहात टाकली. काय माझा थाट होता, मित्रांनो! गावात मला पाय फुटलेत असं लोक म्हणायचे.

त्याच खोल्यांपैकी एकीत निशिगंधा आणि ज्ञानेश राहायला आले. ज्ञानेश चाकणच्या एका कंपनीत, निशिगंधा हिंजवडीला. पहिलं बाळंतपण आलं आणि नेमका उदगीरला तिच्या आईचा पाय मोडला. आई येऊ शकली नाही. इस्पितळातून पिंकीला घेऊन निशिगंधा घरी आली, तेव्हा दार उघडायला घरात कुणी बाईमाणूस नव्हतं. ती चौकटीतच उभी राहून रडायला लागली.

मंजुळाबाईंनी त्या दिवशी खारीक कुटली, खोबरं भाजलं, डिंक फुलवला. लाडू वळून मला गच्च भरलं आणि स्वतः घेऊन गेल्या.

"खा गं पोरी, लाजू नगं. बाळंतीण लाजली का बाळ उपाशी ऱ्हातंय."

"मावशी, तुम्ही कशाला एवढं…"

"गप. तुझी आई आस्ती तर तिला आसं इचारलं आस्तंस व्हय?"

मी तेव्हा महिनाभर त्या दोन घरांमध्ये ये-जा केली. लाडू, शेपूची भाजी, खीर, पुन्हा लाडू. पिंकीचा पहिला वास मला आठवतो. दुधाचा आणि वेखंडाचा.

पुढे रावेतला त्यांचा फ्लॅट झाला. सामान टेम्पोत चढलं, तेव्हा मी निशिगंधाच्या हातात होतो. "मावशी, तुमचा डबा."

मंजुळाबाईंनी आत बघितलं. मी रिकामा होतो. निघायच्या गडबडीत कुणाला सुचणार? त्या हसल्या. "ऱ्हाऊ दे. पिंकीला घिऊन येशील तवा आन."

झालं. इथेच सगळं अडलं.

पहिल्या महिन्यात गेली असती तर चिमूटभर साखरही पुरली असती. निशिगंधा म्हणाली, संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाऊ. संक्रांतीला पिंकीला ताप आला. मग होळीला पुरणपोळ्या ठरल्या. पोळ्या फाटल्या. "ह्या असल्या मावशींना द्यायच्या?" विकतच्या आणाव्यात तर ते तिच्या मनाला पटेना. दिवाळीत चकल्या मऊ पडल्या. जितका उशीर होत गेला तितकं माझ्यात भरायचं ते मोठं होत गेलं. एका वर्षानंतर लाडूसुद्धा तिला थोडे वाटायला लागले. ती प्रत्येक सणाला मला घासून ओट्यावर ठेवायची, माझ्याकडे बघायची आणि परत फळीवर ठेवून द्यायची.

मग घासणं थांबलं. माझ्यात रवा आला, मग केसांच्या पिना, आणि शेवटी पिंकीचे खडू. एकदा पिंकीनं माझा ढोल केला तेव्हा हा पोचा आला. त्याचं मला काही नाही. लहान मुलाच्या हातचा मार गोड असतो. पण एके दिवशी निशिगंधानं पिंकीच्या वहीतलं एक बदक सोललं आणि बरोबर माझ्या नावावर चिकटवलं. वर बोटानं दाबलं. पिंकी म्हणाली, "आई, मस्त!" 

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कुणाला हे सांगितलंही नसतं. पण गेल्या वर्षी, चंपाषष्ठीच्या आधी, इंटरकॉम वाजला. निशिगंधा घरूनच काम करत होती. हेडफोन गळ्यात, मीटिंग नुकतीच संपलेली. मी समोर टेबलावर, खडू पसरलेले, पिंकी चित्र रंगवत बसलेली.

"मॅडम, गेटवर एक आजी आल्यात. मंजुळाबाई म्हणून. सोडू का वर?"

तिचा चेहरा आधी फुलला, मी बघितला ना! ती अर्धी उठलीसुद्धा. मग तिची नजर माझ्यावर पडली. पोच्यावर, खडूंवर, बदकावर. फुललेला चेहरा विझत गेला.

"दादा," ती हळूच म्हणाली, "त्यांना सांगा, मॅडम बाहेर गेल्यात."

थोड्या वेळानं वॉचमननं एक कापडी पिशवी वर पाठवली. शेतातली वांगी, कांद्याची पात, आणि रोडग्यांसाठी जाडसर दळलेलं पीठ. निशिगंधानं वांगी भाजली, भरीत केलं. ज्ञानेश म्हणाला, "वा! असं भरीत रावेतला मिळत नाही." ती म्हणाली, "तुम्ही घ्या, मला भूक नाही." आता माझ्या शेजारी फळीवर ती पिशवीही येऊन पडली. परत द्यायच्या वस्तू दोन झाल्या.

मित्रांनो, स्टीलला गंज चढत नाही असं म्हणतात. बाहेरून चढत नसेल.

यंदा चंपाषष्ठी झाली आणि लगेच दुसऱ्या दिवशी निशिगंधाला सुट्टी होती. तिच्या ऑफिसचं काम अमेरिकेतल्या लोकांशी. तिकडे नोव्हेंबरच्या अखेरीला आभार मानायचा एक सण असतो. तिकडची ऑफिसं बंद, म्हणून इकडेही सुट्टी. तिची मैत्रीण तनुजा आणि टीममधला प्रज्वल, दोघं घरी जेवायला आले. तनुजानं मसालेभात आणला, प्रज्वलनं कोपऱ्यावरच्या दुकानातली जिलबी आणली.

"तिकडे आज टर्की कापतायत," प्रज्वल म्हणाला, "आणि आपण काय, कालचंच वांगं!"

"गप बस. जिलबी विकत आणणाऱ्यानं बोलू नये," तनुजा म्हणाली. "चला, तिकडच्यासारखं करू. प्रत्येकानं एकाचं नाव घ्यायचं, ज्याचे आभार मानायचेत."

"नाव घ्यायचं म्हणजे उखाण्यात का?"

सगळे हसले. तनुजानं तिला शिकायला घरी ठेवून घेणाऱ्या मामीचं नाव घेतलं. प्रज्वलनं त्याच्या मेसवाल्या काकूंचं. ज्ञानेश पहिल्या शिफ्टला गेला होता, म्हणून पुढची पाळी निशिगंधाची.

तिचा भाकरीचा तुकडा हातात तसाच.

तेव्हाच ते टण्ण. पिंकी माझ्यातून खडू काढत होती. झाकण पडलं, मी कलंडलो आणि बदकाचा सुटलेला कोपरा तिच्या नखात आला. तिनं तो ओढला. यंदा ती पहिलीत गेलीय. दिसेल ते वाचते, दुकानाच्या पाट्यासुद्धा. बोट ठेवून तिनं वाचलं, "मं… जु… ळा… बा… ई."

"कोण गं या? सासूबाई?" तनुजानं विचारलं.

"नाही… आमच्या आधीच्या घरमालकीण."

"घरमालकिणीचा डबा ढापला?" प्रज्वल म्हणाला. "भारी आहात राव तुम्ही!"

निशिगंधाही हसली. पण हसता हसता तिचे डोळे भरले, आणि ती पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली. जाताना मला उचलून बरोबर घेऊन गेली. आत, नळाखाली, तिनं मला घासलं. खूप दिवसांनी. बदकाचा चिकटपणा काही जाईना. तेल लावलं, खरवडलं. "अगं, तू रडतेयस?" दारात तनुजा. "कांदा," निशिगंधा म्हणाली. कांदा कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशीही सुट्टीच होती. तिनं डिंकाचे लाडू करायला घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच. लाडू वळेनात. निम्मे फुटले. ती कपाळाला हात लावून बसली आणि मला वाटलं, गेलं, हाही सण गेला.

शिफ्टवरून आलेला ज्ञानेश ओट्यापाशी उभा राहून चुरा खात होता. "फुटले तर फुटले. भर की चुरा. गोडच लागतोय."

"मावशींना चुरा देऊ?"

"अजून किती वर्षं वळत बसणार आहेस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग खाली निवडक लाडू, वर चुरा, असं मला भरलं. कापडी पिशवी धुऊन वाळवलेली होती, तीत मला ठेवलं. पिंकी स्कूटरवर पुढे उभी राहिली. तळवड्याच्या गर्दीतून, इंद्रायणीच्या पुलावरून आम्ही निघोज्याला पोचलो. वाटेत एका सिग्नलला निशिगंधा हळूच म्हणाली, "त्या असतील ना गं?" पिंकीला कळलं नाही. मला कळलं.

मंजुळाबाई अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. केस सगळे पांढरे झालेले. स्कूटर बघून त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"आगं बया! माझी पोरगी आली!"

त्यांनी आधी पिंकीला कवटाळलं, मग निशिगंधाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मला हातात घेतलं. आत बघितलंसुद्धा नाही. अंगठा सरळ माझ्या नावावर गेला. "हितं काय चिकाट लागलंय गं?"

निशिगंधाचे कान लाल झाले. "मावशी, फार उशीर झाला मला. आणि लाडूही… फुटलेत."

"फुटू दे की. दात हायेत कुणाला?" त्यांनी झाकण उघडलं, चुरा चिमटीत घेऊन तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "डिंक थोडा करापलाय. पन तुझ्या हातचा हाय."

मित्रांनो, माझी गोष्ट इथेच संपावी असं मला वाटत होतं. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, की तुमच्या फळीवर कुणाचं तरी नाव घातलेलं भांडं असेल, तर ते आजच शोधा. त्यात काय भरायचं याचा फार विचार करू नका. साखर भरा, चुरा भरा. आणि नावावर काही चिकटवू नका. आम्हा भांड्यांना जपायचं म्हणजे नुसतं घासायचं नसतं हो, वेळेवर घरी पोचवायचं असतं.

पण मंजुळाबाई बोलत होत्या. "म्या आलते की गेल्या साली वांगी घिऊन. वाचमन बोल्ला, मॅडम भायेर गेल्यात. म्हनलं, नोकरीची मानसं. काम आसंल." शेंगेतला दाणा काढत त्या हसल्या. "वर गॅलरीत पिंकीचा फ्राक वाळत व्हता. त्यो खालनं बघितला. म्हनलं, पोर वाढली. आन् आले माघारी."

निशिगंधानं मान खाली घातली. पिंकीनं लाडवाचा घास गिळला. तिला ते आठवत होतं, आणि तिला वाटलं आजीला खरं सांगायला हवं.

"पण आपण तर घरीच होतो ना, आई? मग तू वॉचमनकाकांना बाहेर गेलोय असं का सांगितलंस?"