कप्तानाच्या नाकावरची चामखीळ

समुद्र मी जन्मात पाहिलेला नाही. तरी पानंच्या पानं समुद्र काढायचे. 'तुफानी मंजुळा' या चित्रकथेवर नाव छापून यायचं माझ्या नवऱ्याचं, श्रीमंतचं, हात माझा. ते पाट्या रंगवायचे. लातूर नवा जिल्हा झाल्यापासून औशातल्या प्रत्येक कचेरीच्या पाटीवर उस्मानाबाद खोडून लातूर लिहायचं होतं, त्यांना मान वर करायला सवड नव्हती. लातूरच्या छापखान्यातून अंक एसटीनं यायचा आणि स्टँडवरच्या दुकानात भाड्यानं वाचला जायचा. मंजुळा म्हणजे समुद्रावरची लुटारू, कुणाच्या बापाला न भिणारी. मी नेमकी उलट.

त्या उन्हाळ्यात विहिरींचा तळ दिसला आणि टँकर सुरू झाला. माणसांऐवजी घागरींची रांग लागायची. आमच्या वस्तीच्या घागरी शेवटी, मध्ये हातभर जागा सोडून. टँकर सरकारी, पण त्याच्या नळाची किल्ली सरपंच किशनरावांच्या करदोट्याला. मनाला येईल तेव्हा ते नळ बंद करायचे. पाणी आमच्या घागरींपर्यंत आलं तर नशीब.

त्याच दिवसांत मी मंजुळेच्या जहाजावरचं गोडं पाणी संपवलं, आणि पिंपांना कुलूप घालणारा एक दुष्ट कप्तान आणला. काढत गेले, आणि पुरा झाला तेव्हा तो किशनराव होता. जाड भुवया, नाकावर चामखीळ, कमरेला किल्ली. खोडायला हवा होता. पण मेला इतका झकास जमला होता की हात होईना.

अंक आला आणि स्टँडवर पोरं खिदळायला लागली. शेजारची भामाबाई धावत आली.

"सिंधू, काय करून ठिवलं गं श्रीमंतानं? आता थेंब तरी मिळतोय व्हय आपल्याला?"

घरात सासू तापानं फणफणलेली, माठात तांब्याभर पाणी. सगळ्या वस्तीचं पाणी मी एका चामखिळीपायी घालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी टँकर यायच्या आधी किशनराव दारात. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले.

"श्रीमंत हाय का?"

"न्हाई दादा. लातूरला गेलेत."

त्यांनी काखेतला अंक काढला. मी दाराची चौकट धरली.

"ह्यो मीच हाय नव्हं?"

हो म्हणावं तर मेले. नाही म्हणावं तर चामखीळ समोरच.

"नात माझ्याजवळ येईना झालीय," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "म्हणती, आबा, तुमी पाण्याला कुलूप कामून लावलं? रडायलीय. फुडं काय व्हतंय ह्याचं? मंजुळा मारती का ह्याला?"

तेव्हा कुठं मी वर पाहिलं. किशनराव घाबरले होते. अंकाचं शेवटचं पान ते पुन्हा पुन्हा उलटून बघत होते.

"न्हाई दादा," माझ्या तोंडून निघून गेलं. "फुडच्या अंकात कप्तान सोताच कुलूप काढतो. समद्यास्नी पाणी देतो. मंजुळा त्याला हात जोडती."

"खरंच?"

"हाव. छापायला गेलंय."

अंक परत काखेत घालून ते वळले.

त्या दिवशी नळ शेवटच्या घागरीपर्यंत चालला. किशनराव नातीला खांद्यावर घेऊन उन्हात उभे होते, आणि पोरगी प्रत्येक घागरीला टाळ्या वाजवत होती. भामाबाई म्हणाली, "आज सूर्य कुनीकडं उगवला गं?" मी भरली घागर डोक्यावर घेतली आणि मागं न बघता घराकडं निघाले.

छापायला गेलं होतं, एवढंच खरं. अंक शुक्रवारच्या गाडीनं येणार होता. त्यात मंजुळेनं कप्तानाला उचलून शार्क माशांपुढं फेकलं होतं, आणि ते चित्र मी अगदी मन लावून, पानभर काढलं होतं.