हात आईचा, डोकं कुत्र्याचं

मित्रांनो, मी एक जुनं चित्र आहे आणि माझा राग चारशे वर्षांत उतरलेला नाही. ओकच्या पाच फळ्या जोडून, वर खडू आणि सरसाचा लेप देऊन मला घडवलं. हेन्ड्रिक नावाच्या चित्रकारानं माझ्यावर लॉर्ड एल्डरमियरचं कुटुंब रंगवलं: स्वतः लॉर्डसाहेब, बायको सेसिली, दोन मुलगे आणि थोरली मुलगी टॉमसिन. आईचा हात मुलीच्या खांद्यावर होता. तेवढ्या हाताला हेन्ड्रिकचे नऊ दिवस गेले. पाहुणे जेवण सोडून माझ्यासमोर उभे राहायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

लॉर्डसाहेबांचं मोठेपण ते काय? रोज सकाळी राजाच्या अंगात सदरा चढवायचा. त्या सदऱ्यापायी हा माणूस पोटची पोरही सोडायला तयार झाला. टॉमसिन राणीच्या तैनातीत होती. तिथल्या मुलींनी राणीच्या परवानगीवाचून लग्न करायचं नाही, अशी रीत. तिनं कुणालाच न विचारता एका लोकरीच्या व्यापाऱ्याशी लग्न केलं. दरबाराची मर्जी फिरली. त्यातच निरोप आला, उन्हाळ्याच्या दौऱ्यात राजा आमच्या घरी मुक्काम करणार.

लॉर्डसाहेबांची पाचावर धारण बसली. हेन्ड्रिकला बोलावणं गेलं.

"सरकार, पोरीला पुसतो," तो मान खाजवत म्हणाला, "पण बाईसाहेबांचा हात अधांतरी राहील. तो नव्यानं काढायला त्यांना पुन्हा माझ्यासमोर बसावं लागेल."

"मी बसणार नाही," सेसिलीबाई म्हणाल्या. "माझा हात आहे तिथेच राहील. तिला पुसायचं तर मलाही पुसा."

"आणि राजानं विचारलं, बायको कुठे गेली, तर?"

"मुलगी कुठे गेली, ते नाही का विचारणार?"

"ते त्याला ठाऊक आहे. म्हणून तर हा खटाटोप. अगं, घर बुडेल."

"बुडू दे, अहो. तिच्यावाचून कसलं घर?"

लॉर्डसाहेबांनी तोंड फिरवलं. "हेन्ड्रिक, हाताखाली कुत्रा काढ."

आणि त्या मेल्यानं काढला. टॉमसिनच्या डोळ्यांवर तपकिरी रंग फिरला, तेव्हा मला दात असते तर त्याची बोटं तोडली असती.

राजा आला. हरणाचं मांस चापलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "कुत्रा झकास आहे." एवढंच. पुढच्या वसंतात सदऱ्याचा मान दुसऱ्यालाच दिला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. बरं झालं. सेसिलीबाई मात्र त्या दिवाणखान्यात पुन्हा कधी जेवल्या नाहीत.

त्या गेल्या तेव्हा टॉमसिनला घरात येऊ दिलं. तिच्याबरोबर तिची सहा वर्षांची लेक होती.

"आई, यात तू कुठे आहेस?"

"आजीचा हात दिसतो ना? त्याच्या खाली."

"तिथे तर कुत्रा आहे. आजीला कुत्रे आवडायचे?"

"नाही गं. घाबरायची ती. कधी हातसुद्धा लावला नाही."

मुलीला काही कळलं नाही. टॉमसिननं तिला कडेवर घेतलं आणि ती निघून गेली. पुन्हा आली नाही.

मित्रांनो, आता लोक येतात, माझी चौकट घासून चकाकवतात, कुत्र्याचं कौतुक करतात. नको मला ती चकाकी. तुमच्यापैकी कुणी जुनी चित्रं दुरुस्त करायची कला शिकलंच, तर आधी तो कुत्रा खरवडा. मला लागेल, लागू दे. खाली टॉमसिन आहे. तिच्या आईचा हात अजून तिच्याच खांद्यावर आहे.